कनेक्टरचं कूळ

ऑक्टोबर २०२४ मध्ये राजपत्र निघालं आणि अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यातलं. त्यांच्या जयंतीला, ३१ मे २०२३ रोजी, या नावाची घोषणा झाली तीही चौंडीतच. पुढे पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड नवी छापून आली. गाड्यांवरचं एमएच १६ मात्र तसंच राहिलं. शहराचा ४१४००१ हा पिनकोड तसाच राहिला आणि केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला जिल्ह्याचा ४६६ हा क्रमांकही हलला नाही.

त्याच सुमाराला मी एका संस्थेच्या संगणकांचं काम पाहत होतो. संस्थेच्या शाखा वेगवेगळ्या जिल्ह्यांत, आणि कर्मचाऱ्यांची खाती डिरेक्टरीत, म्हणजे खात्यांच्या मध्यवर्ती वहीत, जिल्ह्यावार कप्प्यांत लावलेली. एका संध्याकाळी ‘अहमदनगर’ या कप्प्याचं नाव ‘अहिल्यानगर’ केलं गेलं. एका ओळीची आज्ञा. दुसऱ्या दिवशी सकाळी नगर शाखेत कुणाचं ईमेल उघडेना, हजेरी लागेना, ग्रंथालयातल्या बाईंना पुस्तक नोंदवून देता येईना. सगळी खाती बंद पडली होती आणि कुणाही माणसानं ती बंद केली नव्हती.

लॉग उघडला तेव्हा एकेका माणसामागे दोन ओळी दिसल्या. पहिलीत लिहिलं होतं, खातं सापडत नाही. दुसरीत, मालक नसलेलं खातं सापडलं. खातं एकच होतं. पहिल्या ओळीत ते जुन्या पत्त्यावर शोधलं होतं, दुसऱ्या ओळीत ते नव्या पत्त्यावर दिसलं होतं. मालक नसलेलं खातं बंद करायचं, हा नियम संस्थेनंच घालून दिलेला. नियम बरोबर होता. नाव आणि ओळख यांची गल्लत झाली होती, आणि ती दोन व्यवस्थांना जोडणाऱ्या लहानशा तुकड्यात झाली होती. त्या तुकड्याला कनेक्टर म्हणतात. त्याचं कूळ शोधायला मी तेव्हा बसलो.

सुरुवात पत्त्यापासून होते. दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानं १९८८ मध्ये एक्स.५०० नावाचं मानक आणलं. जगभरातल्या माणसांची एकच मोठी डिरेक्टरी असावी, अशी ती कल्पना. त्यात प्रत्येक नोंदीला पूर्ण पत्ता असे: देश, मग संस्था, मग विभाग, मग माणूस. आपण पाकिटावर लिहितो तसाच, फक्त गावापासून घराकडे येणारा. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी याचं सुटसुटीत रूप केलं, ते एलडॅप. आज कचेऱ्यांमधल्या कितीतरी डिरेक्टऱ्या त्याच भाषेत बोलतात. पत्त्यालाच ओळख मानायची सवयही तिथूनच आली. माणूस एका विभागातून दुसऱ्यात गेला की पत्ता बदलतो आणि पत्त्यावर विसंबलेला प्रोग्रॅम त्याला हरवून बसतो.

एकच मोठी डिरेक्टरी काही झाली नाही. पगाराची वही वेगळी, ईमेलची वेगळी, हजेरीची वेगळी, असंच सगळीकडे राहिलं. मग या वह्या एकमेकींशी जुळवणारा एक मधला कारकून हवा, हे काही जणांनी ओळखलं. कॅनडातल्या झूमिट कंपनीत किम कॅमेरॉन यांनी असं सॉफ्टवेअर केलं होतं. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी विकत घेतली. मायक्रोसॉफ्टच्या त्या घराण्यात दुसऱ्या व्यवस्थेशी बोलणाऱ्या तुकड्याला ‘मॅनेजमेंट एजंट’ म्हणत, आणि मधल्या नोंदीशी सांधलेल्या एकेका नोंदीला ‘कनेक्टर’. न सांधलेली ती ‘डिसकनेक्टर’. म्हणजे हा शब्द आधी यंत्राचा नव्हता, नात्याचा होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या संस्थेत त्या सकाळी तुटलं होतं ते नातंच. यंत्र धडधाकट होतं.

आजचा कनेक्टर ज्या घराण्यातून आला, ते टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातलं. २००० मध्ये तिथे वेव्हसेट नावाची कंपनी निघाली. तिचं सॉफ्टवेअर नवा माणूस रुजू झाला की दहा ठिकाणी त्याची खाती उघडी आणि तो गेला की बंद करी. त्यासाठी प्रत्येक व्यवस्थेचा एक ‘रिसोर्स ॲडॉप्टर’ असे. २००३ मध्ये सन मायक्रोसिस्टम्सनं वेव्हसेट घेतली. वेव्हसेट काढणाऱ्यांपैकी मार्क मॅक्लेन आणि केव्हिन कनिंगहॅम यांनी पुढे २००५ मध्ये सेलपॉइंट ही कंपनी काढली. तिचं एक केंद्र आज पुण्यात आहे, आमच्या नगरपासून एसटीनं तीन-साडेतीन तासांवर.

ॲडॉप्टर मूळ सॉफ्टवेअरच्या पोटात असे. एका ॲडॉप्टरमधली चूक दुरुस्त करायची तर अख्ख्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबायचं, आणि ती आली की बाकी सगळं पुन्हा तपासायचं. २००८ च्या सुमाराला सनमधल्या मंडळींनी हे तुकडे बाहेर काढले आणि ‘आयडेंटिटी कनेक्टर्स’ नावानं सगळ्यांसाठी खुले केले. या कुळकथेतलं खरं वळण हेच. त्यांनी मध्ये एक चौकट उभी केली आणि तिला दोन तोंडं दिली. एका तोंडाशी मुख्य सॉफ्टवेअर बोलणार, दुसऱ्या तोंडाशी कनेक्टर लिहिणारा. दोघांची थेट गाठ पडत नाही, म्हणून एकाला हलवलं तरी दुसरा बिघडत नाही.

प्रत्येक कनेक्टर ही एक स्वतंत्र जार फाइल. ती ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची. आत एका छोट्या पत्रकात तिचं नाव, तिची आवृत्ती आणि किमान कुठल्या आवृत्तीची चौकट हवी, हे लिहिलेलं. लागणारी लायब्ररी ती आपल्यासोबत आणते आणि दुसऱ्या कनेक्टरच्या लायब्ररीशी तिचा संबंध येऊ दिला जात नाही. खातं उघडणं, बदलणं, काढणं, शोधणं, नवे बदल टिपणं, जोड तपासून पाहणं, यांपैकी जे जमतं तेवढंच ती आपल्या नावावर सांगते.

आणि त्याच चौकटीत त्यांनी दोन खास रकाने ठरवून टाकले, दोन्हीकडे दुहेरी अधोरेखा ओढलेले: एक यूआयडी, दुसरा नेम. नेम म्हणजे माणसं हाक मारतात ते. यूआयडी म्हणजे त्या व्यवस्थेनं नोंदीला दिलेली, शक्यतो कधी न बदलणारी खूण. गावच्या तलाठ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. फेरफार होतो, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, गट नंबर राहतो. जमिनींच्या एकत्रीकरणाच्या वेळी मात्र सर्व्हे नंबरच जाऊन गट नंबर आले, आणि कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला हे दाखवणारा कागद आजही वादात पहिला मागितला जातो.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं सन घेतली आणि हा खुला प्रकल्प पोरका झाला. जगला तो इतरांनी घरी नेला म्हणून. फोर्जरॉक कंपनीनं तो ओपनआयसीएफ नावानं चालवला. इटलीतल्या तिरासाच्या मंडळींच्या पुढाकारानं कॉनआयडी उभं राहिलं. त्यांचंच मूळ काम असलेलं सिंकोप हे सॉफ्टवेअर २०१२ मध्ये अपाचेच्या छत्राखाली गेलं. स्लोव्हाकियातल्या इव्हॉल्व्हियमचं मिडपॉइंटही याच कनेक्टरांवर चालतं. कॉनआयडीचा कोड उघडून पाहिला तर पॅकेजचं नाव आजही ‘ओआरजी डॉट आयडेंटिटीकनेक्टर्स’ आहे. सन गेली, तिनं दिलेलं आडनाव राहिलं. आता एससीआयएम नावाचं मानक आहे, २०१५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि नवी सॉफ्टवेअर थेट ती भाषा बोलतात. पण जुन्या वह्या जोवर आहेत तोवर त्यांच्याशी बोलायला कनेक्टर लागणारच.

आमच्या संस्थेत कनेक्टर लावताना यूआयडीच्या रकान्यात पत्ता भरलेला होता. चालत होतं, म्हणून कुणी पाहिलं नव्हतं. खरी खूण डिरेक्टरीत आधीपासून होती: २००६ मध्ये एलडॅपच्या मानकात आलेली एंट्रीयूयूआयडी. नोंद कुठल्याही कप्प्यात न्या, कप्प्याचं नाव काहीही करा, ती तीच राहते. पहिल्या दिवशी फक्त माणसांची खाती हातानं चालू करून दिली, म्हणजे त्यांची कामं थांबू नयेत. मग जुना पत्ता एका बाजूला आणि ती खूण दुसऱ्या बाजूला, असा तक्ता केला. आमचं एकत्रीकरण पत्रकच ते. कनेक्टरची नवी आवृत्ती फोल्डरमध्ये जुनीच्या शेजारी ठेवली. जुनी काढायची घाई केली नाही, कारण जोडणीत आवृत्तीचा उल्लेख असतो. दोन्ही शेजारी नांदतात आणि सांगेपर्यंत जुनी जोडणी जुनीलाच धरून राहते. आधी सगळ्यात लहान शाखेची जोडणी नवीवर नेली. खाती बंद करण्याचा नियम तेवढ्यापुरता थांबवला आणि जुळणी फक्त वाचायला लावली, काहीही बदलायची परवानगी न देता. दोन दिवस लॉग डोळ्यांखालून घातला. मगच नगर.

नगरच्या जुळणीत एक सोडून सगळी खाती आपापल्या माणसाला मिळाली. उरलेलं खातं ग्रंथालयाचं होतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “अहो, हे आमच्या आधीच्या सरांचं. ते केव्हाच रिटायर झाले.” जुनं खातं इतकी वर्षं उघडं होतं. त्या सरांना फोन केला, त्यातलं काही हवं आहे का विचारलं. त्यांनी पुस्तकांच्या याद्यांची एक फाइल मागितली. ती पाठवली आणि खातं बंद केलं.