सेंटओएसची मुदत
सर्व्हरवर फुकट लिनक्स घ्यावे की पैसे भरून, हा वाद आपण किमतीवर घालतो. सेंटओएस या फुकट लिनक्सचा इतिहास पाहिला तर प्रश्न मुदतीचा आहे. रेड हॅट कंपनीने आपले फुकट मिळणारे लिनक्स थांबवून सशुल्क एंटरप्राइझ आवृत्तीवर भर दिला, आणि २००४मध्ये सेंटओएस आले. रेड हॅटचाच खुला सोर्स कोड घ्यायचा, त्यातले कंपनीचे नाव नि बोधचिन्ह काढायचे, पुन्हा कंपाइल करायचे. काम तेच, फक्त अडचणीत फोन करायला कोणी नाही. वेब होस्टिंगवाले त्यावर वर्षानुवर्षे निर्धास्त राहिले. २०१४मध्ये रेड हॅटनेच हा प्रकल्प पंखाखाली घेतला. सेंटओएस ८ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार होते. रेड हॅटच्या ८ डिसेंबर २०२०च्या घोषणेने ती मुदत २०२१अखेरवर आली. सातहून अधिक वर्षे एका दिवसात गेली.

कोणी म्हणेल, कोड खुला आहे, मग बिघडले काय? त्याच कोडवरचे रॉकी आणि अल्मा हे फुकट पर्याय २०२१मध्येच उभे राहिले. खरे आहे, आणि खुल्या परवान्याचे हे मोठे यश आहे. पण चालता डेटाबेस हलवताना लागणाऱ्या चाचण्या, बॅकअप आणि रात्रभराची जागरणे परवाना करून देत नाही. ज्यांच्याकडे हे करणारी माणसे आहेत, त्यांनी फुकटचे खुशाल घ्यावे. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांनी सबस्क्रिप्शन भरावे.