आयआरए : पारंपरिक आणि रॉथ

अमेरिकेत कमावत्या व्यक्तीने स्वतःच्या नावे उघडायचे निवृत्ती खाते म्हणजे इंडिव्हिज्युअल रिटायरमेंट अकाउंट, संक्षेपाने आयआरए. १९७४ च्या ‘एरिसा’ कायद्याने ते अस्तित्वात आले. १९९७ च्या कायद्याने त्याचा दुसरा प्रकार आणला आणि १९९८ पासून तो लागू झाला. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांचे नाव त्याला मिळाले. जुना प्रकार तेव्हापासून ‘पारंपरिक’ ठरला.

पारंपरिक खात्यात भरलेली रक्कम त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. कर लागतो तो पैसे काढताना, मुदलावर आणि वाढीवरही. रॉथमध्ये कर भरून उरलेला पैसाच घालायचा. वयाची साडेएकोणसाठ वर्षे आणि खात्याची पाच वर्षे पूर्ण झाली की वाढीसह सारे करमुक्त.

कर आधी की नंतर, हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. हजार डॉलर चौपट झाले असे धरू. दर २२ टक्के असेल तर पारंपरिक खात्यातल्या ४,००० मधून ८८० जातात. रॉथमध्ये २२० आधीच जाऊन उरलेले ७८० चौपट होतात. दोन्हीकडे हाती ३,१२०च. निवृत्तीनंतर दर १२ टक्क्यांवर आला, तर मात्र पारंपरिक खातेदाराला ३,५२० मिळतात. म्हणून ज्याचा पगार पुढे कैक पटींनी वाढणार त्या शिकाऊ डॉक्टरला रॉथ सोयीचे, तर कॅलिफोर्नियात ऐन कमाईत असलेल्या आणि पुढे राज्य आयकर नसलेल्या टेक्सासात जाऊन राहणाऱ्याला पारंपरिक.

या हिशेबात एक गोष्ट बहुधा निसटते. २०२५ साठी दोन्ही खाती मिळून ७,००० डॉलरची मर्यादा होती (पन्नाशीपुढे आणखी १,०००). रॉथमधले ७,००० कर फिटलेले असतात, पारंपरिक खात्यातल्या ७,००० वर सरकारचा वाटा अजून बाकी असतो. मर्यादा पुरती भरू शकणाऱ्याचा दर तोच राहिला, तरी रॉथचे पारडे जड.

निवड नेहमी आपल्या हातात नसते. २०२५ मध्ये १,६५,००० डॉलर वा अधिक उत्पन्नाच्या अविवाहिताला रॉथमध्ये थेट भरणा करता येत नव्हता. नोकरीत निवृत्ती योजना असलेल्या अविवाहिताची पारंपरिक वजावट तर ८९,००० लाच संपत होती. पारंपरिक खात्याचे रॉथमध्ये रूपांतर करण्यावरची उत्पन्नाची अट मात्र २०१० पासून उठली, त्यामुळे वजावट न घेता पैसे भरून ते रॉथमध्ये वळवण्याचा ‘मागचा दरवाजा’ रूढ झाला.

रॉथमधला स्वतःचा भरणा केव्हाही करदंडाविना काढता येतो. पारंपरिक खात्यातून साडेएकोणसाठच्या आत पैसे काढल्यास, काही अपवाद वगळता, कराखेरीज १० टक्के दंड बसतो. शिवाय सध्याच्या नियमानुसार ७३ व्या वर्षापासून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. रॉथधारकाला हयातीत अशी सक्ती नाही.

भारतात परतून निवासी झालेल्यांसाठी २०२१ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ८९ए घातले. परदेशी निवृत्ती खात्यातल्या उत्पन्नावर, तिकडे पैसे काढताना कर लागतो त्याच वर्षी, भारतात कर देण्याची मुभा त्याने दिली. रॉथमधून काढताना अमेरिकेत कर लागतच नाही, त्यामुळे त्या कलमाच्या व्याख्येत ते सरळ बसत नाही.