फवारणीच्या ड्रोनची मोटर उडतानाच बंद पडली तर? शेतात उभं राहण्याआधी हे वाचा

पनवेल : भाताच्या खाचरावर ड्रोनने औषध मारायचं म्हटलं की बांधावर बघ्यांची गर्दी जमते. पोरंटोरं तर मोबाईल काढून अगदी जवळ जातात. पण सगळ्यात जास्त धोका असतो तो उडण्याच्या पहिल्या काही सेकंदांतच.

उडतानाच धोका का?
त्या वेळी टाकी भरलेली असते. १० लिटरची टाकी म्हणजे साधारण १० किलो जादा वजन. ते उचलताना मोटरी जोर लावतात आणि बॅटरीवर एकदम ताण येतो. बॅटरी जुनी असेल, पिनचा जोड सैल असेल किंवा पंख्याला चीर असेल, तर दोष नेमका तेव्हाच बाहेर पडतो. उंची कमी असल्यामुळे सावरायला वेळही मिळत नाही.

चार मोटरींच्या ड्रोनची एक मोटर थांबली की तो त्या कोपऱ्याकडे कलंडतो, गरगरतो आणि पडतो. सहा मोटरींचा ड्रोन कदाचित सावरेल, पण भरल्या टाकीने त्यालाही लगेच उतरवावं लागतं.

फवारणीच्या विमानांनाही हीच अडचण असते. आपल्या देशात एचएएलने 'बसंत' नावाचं शेतीचं विमान बनवलं होतं, ते १९७२ मध्ये पहिल्यांदा उडालं. अशा विमानाचं इंजिन उडताना बंद पडलं, तर पायलट टाकीतलं औषध एकदम सोडून वजन कमी करतो आणि मागे न वळता समोरच उतरतो. ड्रोनलाही तोच नियम लावा : मागे आणायच्या नादात माणसांवरून फिरवू नका, जिथे आहे तिथेच खाली घ्या.

उडवण्याआधी
- बॅटरी काढून प्रत्येक पंखा हाताने फिरवा. अडकतोय, खरखरतोय? मग उडवू नका.
- फुगलेली बॅटरी आणि काळे पडलेले पिन वापरू नका.
- सपाट, कोरडी जागा निवडा. बांधाच्या उतारावरून उडवू नका.
- माणसं, गुरं लांब ठेवा. वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, बघा.
- जमिनीपासून थोडं वर काही सेकंद स्थिर ठेवा. आवाज बदलला, एका बाजूला झुकला, तर लगेच खाली घ्या.
- काम झाल्यावर औषधाचे डाग पुसा. ते तसेच राहिले तर मोटर आणि जोड गंजतात.

पडलाच तर
लगेच धावत जाऊ नका. पंखे पुन्हा फिरू शकतात आणि दबलेली बॅटरी थोड्या वेळानेही पेट घेते. माती-वाळू हाताशी ठेवा, धुरात जाऊ नका. सांडलेलं औषध ओढ्यात, विहिरीत जाऊ देऊ नका. अंगावर उडालं तर कपडे बदलून साबणाने धुवा. त्रास वाटला तर १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवा.

कायदा काय सांगतो?
ड्रोन नियम २०२१ नुसार फवारणीचा ड्रोन नोंदणीकृत हवा आणि चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं. अपघात झाला तर ४८ तासांच्या आत डिजिटल स्काय पोर्टलवर कळवावं लागतं. ड्रोन भाड्याने बोलावताना प्रमाणपत्र आणि विम्याचे कागद आधी मागा. नुकसानभरपाईची वेळ आली तर तेच कामी येतात.

पनवेलकरांसाठी एक गोष्ट जास्तीची. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. त्यामुळे आपलं शेत कुठल्या झोनमध्ये येतं ते डिजिटल स्कायच्या नकाशावर बघा, मगच टाकी भरा.