धवळ्याची कुळकथा

आगरी लग्नात विधी चालू असताना गायच्या गाण्याला धवला म्हणतात आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. पेणच्या खारेपाटात आणि अंबा नदीच्या काठाने वर रोहे तालुक्यातल्या नागोठण्याकडे हा शब्द आजही घरचा आहे. नुसते हौसेचे गाणे म्हणून धवल्याकडे पाहणे चूक ठरेल. पूर्वी कित्येक घरांत भटजी नसे. मांडव, तेलवण, हळद, आंघोळ, प्रत्येक विधी धवलारणीच्या गाण्यावर पुढे सरके, म्हणून गाणारी हीच पुरोहित.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘धवल’ म्हणजे शुभ्र. शुभ्र ते मंगल, या ओळखीच्या वाटेने तो लग्नाच्या गाण्याला चिकटला. १२व्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात कोणत्या प्रसंगी काय गावे ते सांगितले आहे. त्यात कांडताना महाराष्ट्रातल्या बायकांनी ओवी गावी, तर विवाहात धवल गावा असे येते. पुढच्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’तही धवल हा गानप्रकार नोंदवला. म्हणजे शास्त्रकारांनी दखल घेण्याआधीच तो लोकांच्या तोंडी रुळलेला होता.

मराठीत या गाण्याला कर्तीचे नाव मिळाले ते विदर्भातल्या रिद्धपुरात. १२८७च्या सुमारास महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंनी लग्नाचा हट्ट धरला, भक्तांनी तो सोहळा मांडला आणि त्याच पंथातल्या महदंबेने तिथल्या तिथे कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. मराठीची आद्य कवयित्री ठरलेली ही बाई अशी प्रसंगावर, मागणीवर गीत रचणारी होती, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

धवळ्याचा धवला कसा झाला, याचे उत्तर आगरी बोलीत सापडते. या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो: डोळा तो डोला, काळा तो काला. ‘ण’चाही ‘न’ होतो, म्हणून गावात ऐकू येते ते ‘धवलारीन’. वारल्यांमध्ये लग्न लावणारी धवलेरी आणि गुजरातेत गायले जाणारे ‘धोळ’ हीही याच कुळातली भावंडे.

धवलारणीची रचना जवळून पाहावी. ओळीचा साचा ठरलेला असतो. त्यात गावदेवीचे, नवरा-नवरीचे, आईबापांचे नाव ती ऐनवेळी असे बसवते की सूर मोडत नाही. चाल संथ, लांबवलेली असते. हाती वही नसते, सगळे पाठ.

२०व्या शतकात ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी आली, तसे गाण्याच्या शब्दांना धनी मिळाला. शान्ता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते घरोघर पोचली, गीतकार म्हणून शान्ताबाईंचे नावही पोचले. त्याच किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या शब्द जुळवणारी धवलारीण मात्र निनावी राहिली. आता हळदीच्या रात्री ध्वनिवर्धकावर तयार गाणी वाजतात आणि धवला जेमतेम मुहूर्तापुरता उरतो. पेण-रोह्याच्या लग्नघरी तो कानावर पडला तर ध्वनिमुद्रित करून ठेवावा, आणि गाण्याआधी गाणारीचे नाव व गाव लिहावे.