कोयत्याच्या गणनेबाहेरचे मूल : उमापूर परिसर, स्थलांतर आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे बालसंरक्षण

बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या व्यवहारात मनुष्यबळ मोजण्याचे परिमाण ‘कोयता’ हे आहे. एक कोयता म्हणजे पतिपत्नींची जोडी, आणि एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून मिळणारी उचल कोयत्यावर ठरते व तोडलेल्या उसाची मजुरीही कोयत्याच्या नावे मांडली जाते. साधनाचे नाव माणसास मिळणे ही लक्षणेची परिचित रीत होय. परंतु या शब्दाच्या अर्थमर्यादेत मूल कोठेच बसत नाही. ते वाढ्यांच्या पेंढ्या बांधते, कोपीत धाकटे भावंड सांभाळते, पाणी आणते. हिशेबाच्या वहीत मात्र त्यास स्थान नाही. ज्याची गणना होत नाही त्याच्या संरक्षणाचा भार कोणावर, हा प्रश्न गेवराई तालुक्यातील उमापूर व त्याभोवतीच्या गावांच्या संदर्भात इतिहासदृष्ट्या पाहणे उद्बोधक ठरते.

हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारचा शेवगाव तालुका त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. ही सीमा केवळ नकाशावरची नव्हती. मद्रास (1920) व बंगाल (1922) यांच्यामागोमाग मुंबई इलाख्याने 1924 साली बालकविषयक कायदा केला. हैदराबाद राज्यात तसा कायदा होण्यास 1951 साल उजाडावे लागले. अर्थात मुंबईच्या कायद्याचा तरी खेड्यास काय उपयोग झाला, हे विचारता येईल. त्याची दृष्टी शहरी होती. रस्त्यावर सापडलेले, भीक मागणारे किंवा अपराध केलेले मूल हाच त्याचा विषय असून, न्यायालय व रिमांड होम ही त्याची साधने होती. खेड्यातील पोरक्या मुलास भाऊबंदकीने सांभाळावे, हे गृहीतच धरलेले होते.

1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेला 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम यांनी ग्रामीण सत्तेची नवी मांडणी केली. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शाळा, आरोग्य व समाजकल्याण ही कामे त्यांच्याकडे गेली. अनाथ व निराधार बालकांविषयीचे न्यायिक अधिकार मात्र राज्य शासनाच्या यंत्रणेकडे राहिले. परिणामी मुलाच्या जीवनाची दोन खाती झाली : शिकणारे मूल जिल्हा परिषदेचे, संकटातील मूल राज्याचे. ही फाळणी 1986, 2000 व 2015 या तिन्ही बालन्याय कायद्यांतून टिकून राहिली आहे.

येथे ‘अंगणवाडी’ या शब्दाकडे थोडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. ताराबाई मोडकांनी 1945 नंतर बोर्डी येथे, अनुताई वाघांच्या सहकार्याने, बालशिक्षण गरिबाच्या अंगणात नेण्याचा प्रयोग केला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो शब्द उचलला आणि तो देशभर गेला. मराठीने अखिल भारतीय प्रशासनास दिलेले असे शब्द फार नाहीत. तथापि या शब्दात एक गृहीत दडलेले आहे : मुलास अंगण आहे आणि ते जागेवर राहते. दसरा-दिवाळीनंतर ज्या घरांना कुलूप लागते, तेथे हे गृहीतच कोसळते.

स्थलांतराचे कारण एकच नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले व मजुरांची मागणी वाढली. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा कणा मोडला. पुढे जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणी गेवराई तालुक्यात आले, गढी येथे साखर कारखाना उभा राहिला. तरी टोळ्यांचे जाणे थांबले नाही. पाणी ज्याच्या शेतास मिळाले तो आणि उचल घेऊन जाणारा तो, हे बहुधा एक कुटुंब नसते. एवढी साधी गोष्ट सिंचनावरील पुष्कळ लेखनात निसटते.

इंग्लंडच्या इतिहासात याच पेचाचे एक जुने रूप आढळते. 1601 च्या दरिद्री-कायद्याने पोरक्या मुलांचा भार पॅरिशवर, म्हणजे स्थानिक संस्थेवर टाकला. 1662 च्या वसाहत-कायद्याने तो हक्क मूळ पॅरिशच्या रहिवासाशी जखडला. त्याचे पडसाद विसाव्या शतकातही उमटले. न्यूपोर्ट नगरसंस्थेने दुसऱ्या परगण्यातील शेतावर ठेवलेला डेनिस ओनील हा मुलगा जानेवारी 1945 मध्ये पालनकर्त्यांच्या छळाने मरण पावला. देखरेख कोणी करावयाची, याविषयी दोन स्थानिक संस्थांत मेळ नव्हता, हे चौकशीत उघड झाले. 1948 च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेस बालक समिती व स्वतंत्र बालक अधिकारी नेमणे बंधनकारक केले. जबाबदारीस एक नाव व एक खुर्ची मिळाली.

महाराष्ट्रात 2009 च्या एकात्मिक बालसंरक्षण योजनेनंतर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बालसंरक्षण समित्यांची रचना झाली. खुर्च्या पुष्कळ झाल्या. परंतु समितीची नोंदवही गावच्या शिवेवर थांबते. हंगामात मूल कारखान्याच्या तळावर असते, आणि तेथील ग्रामपंचायतीच्या दृष्टीने ते परगावचे असते. या रचनेत स्थलांतराचा आकार ओळखून घडवलेली व्यवस्था म्हणजे हंगामी वसतिगृह. आईबाप गेले तरी मुलाने गावातच राहावे, जेवणाची व निवाऱ्याची सोय शाळा व्यवस्थापन समितीने करावी, अशी ती कल्पना आहे. कारखान्याच्या तळावर भरणाऱ्या साखरशाळेहून ती अधिक विवेकी वाटते, कारण साखरशाळेत मुलाचे श्रम त्याच्या हाताशीच उभे असतात. मंजुरी व निधी यांस होणारा विलंब हा तिचा जुना दोष होय. टोळी निघून गेल्यावर उघडलेले वसतिगृह त्या वर्षापुरते निरुपयोगी असते; ट्रकमध्ये चढलेले मूल पट्टा पडेपर्यंत परत येत नाही. 2021 साली राज्य शासनाने संत भगवानबाबांच्या नावे 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना जाहीर केली, प्रत्येकी 100 मुलांची. तिचा आधार तालुका हा आहे, गाव नव्हे. लहान मुलास आजीजवळ ठेवण्याचा जो आधार गावच्या वसतिगृहात मिळतो, तो तेथे मिळणे कठीण.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असा दंडक आहे. तो निधी दसऱ्यापूर्वीच धान्य, पांघरुणे व स्वयंपाकिणीचे मानधन यांकडे वळवता आला, तर वरून येणाऱ्या मंजुरीची वाट पाहण्याचे पहिले काही आठवडे तरी निभावतील. रक्कम लहान असते. परंतु मूल गावात राहील की जाईल, याचा निर्णय त्याच आठवड्यांत होतो.

मुलींच्या बाबतीत गणनेचा नियम उलटतो. लग्न होताच अर्धा कोयता पूर्ण होतो. म्हणजे मुलगी प्रथमच मोजली जाते ती वधू म्हणून. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयोगटातील, अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के, तर बीड जिल्ह्यात 40 टक्क्यांहून अधिक आढळले. 2006 च्या कायद्याखाली ग्रामसेवक हा गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. त्याचा अधिकार त्याच्या गावापुरता; विवाह दुसऱ्या जिल्ह्यातील कारखान्याच्या तळावर लागला, तर उमापूरच्या दप्तरात त्याची नोंद होण्याचे कारणच उरत नाही.