पाच हातांचे यंत्र

धान्याच्या राशीतून खडे वेचावयाचे असतील तर दोन मार्ग संभवतात. एकाच माणसाने हात अधिक चपळाईने चालवावा, किंवा पाच जणांनी रास वाटून घेऊन एकदम कामास बसावे. पहिल्या मार्गाला हाताची मर्यादा पडते. दुसऱ्याला तेवढी पडत नाही. श्रोतेहो, हे साधे घरगुती शहाणपण एका यंत्रात कसे उतरले, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

स्थळ इंग्लंडमधील ब्लेचली पार्क. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. जर्मन सेनेचे श्रेष्ठी आपले टेलिप्रिंटरवरील संदेश लॉरेंझ नावाच्या यंत्राने सांकेतिक करून बिनतारी मार्गाने धाडीत. या यंत्रात १२ चक्रे होती. बिल टट या तरुण संशोधकाने ते यंत्र कधीही न पाहता, केवळ संदेशांच्या अभ्यासावरून, १९४२ च्या आरंभी त्याची अंतर्रचना ओळखली. परंतु रचना कळली म्हणजे संदेश उलगडला असे नव्हे. दर संदेशाच्या वेळी चक्रे कोणत्या स्थानापासून फिरू लागली, हे शोधणे बाकीच राही. त्यांपैकी दोन चक्रांवर अनुक्रमे ४१ व ३१ स्थाने होती. म्हणजे त्या दोहोंच्याच १२७१ जोड्या झाल्या. एकेक जोडी घ्यावयाची, सबंध संदेश तिच्याशी ताडून पाहावयाचा आणि किती ठिकाणी मेळ बसतो ते मोजावयाचे. निव्वळ योगायोगाने बसावा त्याहून ठळकपणे अधिक मेळ जेथे बसेल, ते स्थान बहुधा खरे.

मॅक्स न्यूमन यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये यासाठी एक यंत्र बनले. त्यात छिद्रे पाडलेल्या दोन कागदी फिती बरोबरीने पळवाव्या लागत. एकीवर संदेश, दुसरीवर चक्रांचा आकृतिबंध. त्यांचा मेळ राहीना, आणि ताणाने फिती तुटत. टपाल खात्याच्या डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रातील अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी दुसरी फीतच काढून टाकण्याचे ठरविले. तिचे काम निर्वात नलिकांकडे सोपविले. इतक्या नलिका एकत्र टिकाव धरतील काय, अशी शंका अनेकांना होती. परंतु नलिका वारंवार बंद-चालू केल्या नाहीत तर त्या दीर्घकाळ टिकतात, हे फ्लॉवर्स टेलिफोनच्या कामात शिकले होते. सुमारे १६०० नलिकांचे ‘कोलोसस’ जानेवारी १९४४ मध्ये ब्लेचलीस पोहोचले.

ते सेकंदाला ५००० अक्षरे वाची. फीत याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पळवून पाहिली, तेव्हा तिच्या चिंधड्या उडाल्या. हीच ती हाताची मर्यादा! म्हणून १ जून १९४४ रोजी सुरू झालेल्या सुमारे २४०० नलिकांच्या सुधारित यंत्रात फितीचा वेग तोच ठेवून पाच जुळण्या एकाच वेळी मोजण्याची सोय केली. काम सेकंदाला २५,००० अक्षरे तपासल्याइतके होऊ लागले. नंतर पाचच दिवसांनी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. युद्ध संपेपर्यंत अशी १० यंत्रे उभी राहिली. ती चालविणाऱ्या बहुतेक तरुणी नौदलाच्या स्त्री-पथकातील होत्या.

पुढे काय झाले? यंत्रांपैकी बहुतेक मोडून टाकण्यात आली. फ्लॉवर्स यांना कागदपत्रे नष्ट करण्याची आज्ञा झाली, आणि त्यांनी ती डॉलिस हिलच्या भट्टीत जाळली. गणनयंत्रांचा इतिहास लिहिला जात असता त्यात त्यांचे नाव नव्हते, आणि त्यांना बोलता येत नव्हते. १९७० च्या दशकात गुप्ततेचा पडदा थोडा सरला. फ्लॉवर्स १९९८ मध्ये निवर्तले. त्या यंत्राची पुनर्रचना ब्लेचली येथे २००७ मध्ये पुरी झाली.

आज संगणकाच्या एकेका चकतीवर शेकडो हात एकदम जुळण्या शोधीत असतात. गुप्ततेने युद्धात प्राण वाचविले असतील. परंतु युद्ध सरल्यावरही तीस वर्षे ती पाळली गेली, आणि तिची किंमत ज्यांनी हे यंत्र घडविले व चालविले, त्यांनीच मुकाट्याने मोजली. इतिहासाने निदान त्यांची नावे तरी वेळीच घ्यावयास हवी होती.