आधी काय दळलंय?

एकादशीच्या आदल्या दिवशी राजगिरा घेऊन गिरणीत गेलं की आई पहिला प्रश्न विचारायची, "आधी काय दळलंय?" जात्यात गव्हाचं पीठ अडकलेलं असेल तर ते राजगिऱ्यात येणार आणि उपास मोडणार. धान्य आपलं, निवडलेलं, तरी पीठ शुद्ध असेलच असं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनाही हाच प्रश्न पडला होता. त्याचं धड उत्तर मिळायला चाळीसेक वर्षं गेली. त्याची ही गोष्ट.

आधी माझी फजिती सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका लहान कंपनीत होतो. एका पतसंस्थेसाठी लिनक्सवर चालणारं पॅकेज मी माझ्याच लॅपटॉपवर तयार केलं. तिथे ते झकास चाललं. सोमवारी सकाळी पतसंस्थेच्या काउंटरवर बसवलं, तर उघडेचना. समोर रांग, मॅनेजर माझ्याकडे बघतायत, आणि मी आपला म्हणतोय, "साहेब, माझ्याकडे चालतंय हो!" संध्याकाळी कारण सापडलं. कधीतरी मी हाताने टाकलेली एक लायब्ररी लॅपटॉपवर होती. पॅकेज बनताना त्याने ती गुपचूप धरली आणि कशाकशाची गरज आहे त्या यादीत तिचं नावच आलं नाही. म्हणजे गिरणीत जुनं पीठ होतं.

यावरची सोय खरं तर जुनीच. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएच-रूट' नावाची एक आज्ञा आली. एखाद्या प्रोग्रामला सांगायचं की ही एक डिरेक्टरी म्हणजेच तुझं सगळं जग, बाहेरचं काही तुला दिसणार नाही. पुढे डेबियन या लिनक्सच्या स्वयंसेवकांनी 'पी-बिल्डर', 'एस-बिल्ड' अशी साधनं याच पायावर उभी केली. दर वेळी कोरी खोली उघडायची, यादीत लिहिलेलं तेवढंच सामान आत न्यायचं, पॅकेज बनवायचं आणि खोली मोडून टाकायची. यादीत काही राहिलं असेल तर पॅकेज तिथेच अडतं. पतसंस्थेच्या काउंटरवर तमाशा होत नाही.

सीएच-रूटच्या भिंती मात्र पातळ. आतल्याला ॲडमिनचे अधिकार असले तर तो बाहेर पडू शकतो. २००० साली फ्रीबीएसडीच्या ४.० आवृत्तीत 'जेल' आलं आणि भिंती जाड झाल्या. तिथे पॅकेजं बनवणाऱ्या साधनाचं नाव 'पूद्रिएर', फ्रेंचमध्ये दारूगोळ्याचं कोठार! 'निक्स'वाल्यांनी तर बांधणी चालू असताना इंटरनेटच तोडलं.

इथपर्यंत प्रश्न आपल्याच विसराळूपणाचा होता. पण कोणी मुद्दाम भेसळ केली तर? युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्पसन, यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हेच दाखवलं. ते भाषण १९८४ मध्ये छापून आलं. कोड कितीही तपासा, कोडचं प्रोग्राममध्ये रूपांतर करणारा कंपायलरच फितूर असेल तर चोरदरवाजा तो घालेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि रोजचं काम होतं तसंच चालू राहिलं.

डिसेंबर २०२० मध्ये त्याची किंमत कळली. अमेरिकेतल्या सोलरविंड्स कंपनीच्या बांधणीच्या मशीनमध्येच हल्लेखोर शिरले होते. मूळ कोडला हात नाही. बांधणी सुरू झाली की एक फाइल बदलायची, झाली की परत जागेवर ठेवायची. ते अपडेट कंपनीच्या सहीशिक्क्यासह १८,००० च्या आसपास ग्राहकांकडे गेलं. त्यात अमेरिकेचं अर्थखातंही होतं.

मग बंद खोलीवर तरी विश्वास कसा ठेवायचा? डेबियनवाल्यांनी २०१३ पासून एक साधा विचार धरला. एकाच खोलीवर विश्वास ठेवूच नका. तोच कोड दोन अनोळखी माणसांनी, दोन वेगळ्या ठिकाणी, कोऱ्या खोलीत बांधायचा. दोन्ही फाइली अक्षरन् अक्षर सारख्या आल्या पाहिजेत. वाटतं सोपं, पण बांधणीची वेळ, फोल्डरचं नाव, फाइलींचा क्रम असं काहीबाही आत शिरतं आणि फरक पडतो. तो एकेक काढायचं किचकट काम अजून चालू आहे. २०१९ मध्ये त्यांनी आणखी एक नियम केला. विकसकाने स्वतःच्या मशीनवर बनवलेलं पॅकेज पुढच्या आवृत्तीत जाणार नाही. कोड द्या, बांधणी आमच्या मशीनवर होईल. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे, तेव्हा हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही.

एवढं करूनही सगळं साधत नाही. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने 'एक्सझेड' या साध्याशा साधनातला चोरदरवाजा उघड केला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्या शंकेवरून! तिथे गिरणी स्वच्छ होती, धान्याच्या पोत्यातच भेसळ होती. सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये जे नव्हतं, ते वाटल्या गेलेल्या गठ्ठ्यात होतं. म्हणजे खोली कोरी हवी आणि आत जाणारं पोतंही तपासलेलं हवं.

हे सगळं इथे का लिहितोय? रेशन, पेन्शन, सातबारा, दवाखान्याचा केसपेपर, सगळंच आता सॉफ्टवेअरवर आहे. मे २०२० मध्ये सरकारने 'आरोग्य सेतू'च्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला. चांगलंच केलं. पण कोड दाखवणं म्हणजे धान्य दाखवणं. माझ्या फोनमधलं ॲप त्याच कोडपासून बनलंय, हे मला किंवा एखाद्या कॉलेजच्या पोरांना घरी पडताळता आलं, तर त्या दाखवण्याला अर्थ.

म्हणून पुढच्या वेळी कोणी अभिमानाने "आमचा कोड खुला आहे" म्हणालं, तर अभिनंदन जरूर करा. आणि मग आईचा प्रश्न विचारा: दळलं कुठे, आणि आधी काय दळलं होतं?

तुमच्याकडेही "माझ्या मशीनवर चालतंय"चे किस्से असतील. कमेंटमध्ये लिहा. मी एकटाच कशाला हसं करून घेऊ!